हिरवळीवरचा राब

साताऱ्याकडच्या कोरड्या मुलखातून मी जव्हारला आलो तेव्हा शाळा तिसरीतच सुटलेली, ओळखीचं कुणी नाही. संस्थानातल्या एका अंमलदाराच्या बंगल्यावर बाईसाहेबांनी मला ठेवून घेतलं, पोटभर जेवू घातलं आणि बंगल्यापुढची हिरवळ माझ्या हवाली केली. साहेबांच्या मुलीला बघायला पाहुणे येणार होते; बैठक तिथेच व्हायची होती. आणि ऐन वैशाखात हिरवळ जागोजागी पिवळी पडली. उकरून पाहिलं तर मुळांशी वाळवी वळवळत होती. इथून हाकललं तर जायचं कुठे?

खोडाळ्याच्या तेल्याकडे करंजाची पेंड मिळते, तिने वाळवी हटते, असं कळलं. ती आणायला निघताना साखरशेतहून कामाला येणाऱ्या म्हाताऱ्या नवराबायकोला बजावलं, "कीड राहता कामा नये."

दुसऱ्या दिवशी पेंड घेऊन परततो तर बंगल्यातून धूर. धावत फाटकात शिरलो. हिरवळ नव्हतीच. सगळी काळी राख, मध्येमध्ये शेण आणि फांद्या धुमसत होत्या.

"दादा, राब कसा झकास जळला बघ!" म्हातारा खुशीत म्हणाला.

भाताचं बी टाकण्याआधी इथे जमीन अशी भाजतात, हे आमच्या बाजरीच्या मुलखात कुणाला ठाऊक!

"अहो बाबा, हे काय भाताचं शेत आहे?"

"मंग? जमीनच ना ती?"

म्हातारी हसली. "पेरायची नाय, कापायची नाय, नुसती पाणी पाजायची. आमाला वाटलं, आता तरी भात लावशील."

साहेब बाहेर आले, राखेकडे पाहून लाल झाले. "बोचकं बांध तुझं!"

मागून बाईसाहेब म्हणाल्या, "गवत जळलंय, माणूस नाही. सतरंज्या अंथरा." त्या क्षणी त्यांचे पाय धरावेसे वाटले.

पाहुणे सतरंज्यांवर बसले, मुलगी पसंत पडली. साहेब मात्र माझ्याशी बोलेनात. दोन दिवसांनी सतरंज्या उचलल्या, तर खालून मातीचे पापुद्रे चिकटलेले आणि कापडाला भोकं. वाळवी जिवंत! वरचं गवत तेवढं जळलं होतं.

साहेब वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "आता तुला घालवून कसं चालेल? हे खणणार कोण?" आणि कुदळ माझ्या हातात दिली.