जर्मनचं पातेलं आणि काचेची शेगडी

आई गेली त्यानंतर भडगावच्या घरात आबा एकटेच राहिले. दोनदा त्यांनी गॅसवर दूध ठेवलं आणि दारापुढच्या ओट्यावर जाऊन बसले. दुसऱ्या वेळी शेजारच्या अक्कांनी धूर पाहून मला फोन केला. मी जळगावला शाळेत शिकवते. शनिवारी जाऊन आबांना घेऊन आले आणि माझ्या फ्लॅटमधला गॅस बंद करून टाकला.

आबांनी कपड्यांच्या पिशवीत आईचं चहाचं पातेलं आणलं होतं. जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, तळाशी काळं पडलेलं. म्हणाले, "मना चहा मीच करसू."

मी इंडक्शन आणलं. आबांनी पातेलं ठेवलं, बटण दाबलं. शेगडी पीं-पीं करून बंद झाली. तीनदा तसंच झालं.

"हाई तं पेटत नई, बेटा."

पातेलं घेऊन मी दुकानात गेले. दुकानदाराने लोहचुंबक लावून दाखवलं. पातेल्याला ते चिकटलं नाही. "मॅडम, इंडक्शन स्वतः तापत नाही, भांड्याला तापवतं. ज्याला चुंबक धरतं, तेच भांडं चालतं. जर्मन चालणार नाही." मग त्याने सिरॅमिकची शेगडी काढली. तिच्यात काचेखाली तार तापते, ती काच तापवते, काच भांड्याला. कुठलंही भांडं चालतं. "फक्त वीज थोडी जास्त जाते. आणि बंद केल्यावर काच बराच वेळ गरम राहते, सांभाळा."

मी चुंबक धरणारं, सपाट बुडाचं स्टीलचं पातेलं घेऊन गेले असते तर भागलं असतं. पण आबांना दुसरं पातेलं घ्यायला सांगायचं, तर आईबद्दल बोलावं लागलं असतं. मी सिरॅमिकची शेगडी घेतली.

आबांना ती आवडली. काचेखाली लाल कडं उमटलं की खाली वाकून बघायचे. "हाई बरं शे. इस्तो दिखस." विस्तव दिसतो, एवढंच त्यांना हवं होतं. मीही तिथे उभी राहायचे. आई जाऊन चार महिने झाले होते आणि मी एकदाही रडले नव्हते. वह्या तपासत होते, भाजी निवडत होते. लोक म्हणायचे, खंबीर आहेस. मला खंबीर असल्यासारखंही वाटत नव्हतं.

एका सकाळी वेणी घालताना मला जळकट वास आला. स्वयंपाकघरात चहा कपांत ओतलेला होता, शेगडी बंद होती. काचेवर दूध सांडलं होतं आणि आबा फडक्याने ते पुसत होते. दुसरा तळहात त्यांनी आधारासाठी काचेवरच टेकला होता.

"आबा, हात!"

त्यांनी हात उचलून पाहिला. कातडी पांढरी पडून सुटली होती. जणू कुणा दुसऱ्याचा हात पाहत होते. "दुखत नई," म्हणाले.

मी तो हात नळाखाली धरला. पाणी वाहत राहिलं. घाबरायला हवं, हे मला कळत होतं. पण मी मनात शाळेच्या पहिल्या तासाचा धडा कोणता ते आठवत होते.

डॉक्टरांनी त्यांच्या बोटांवर कापूस फिरवला. "डोळे मिटा. सांगा, कुठे लावतोय?" आबा डोळे मिटून कापूस लागायची वाटच पाहत राहिले. जुन्या मधुमेहाने त्यांच्या पायांची संवेदना आधीच गेली होती, आता हातांचीही गेली होती. कधी गेली, ते आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

घरी येताना रिक्षात आबा म्हणाले, "तुनी मायले माहीत व्हतं. ती मना हातमा गरम कप देत नव्हती. खाली ठेये."

मला हे माहीत नव्हतं. मी "हो का?" म्हटलं आणि बाहेर पाहत राहिले.

सिरॅमिकची शेगडी मी माळ्यावर टाकली, इंडक्शन पुन्हा ओट्यावर आलं. त्याचीही काच भांड्याच्या तळाने तापते, पण लवकर निवते. आबांना स्टीलचं पातेलं दिलं. त्यांनी ते मुकाट्याने घेतलं. आता ते पट्टी बांधलेल्या हाताने चहाची पूड टाकतात, मी शेजारी उभी राहते. चहा झाला की मी गाळते, त्यांचा कप टेबलावर ठेवते आणि निवला की "घ्या" म्हणते.