घाटातच न चालणारी मोटर

"परकाश, ही तुझी म्हैस तुझ्याच दावणीला बांध. घाटात मोटर चालत न्हाई."

सुभेदार आबांनी सायकल दुकानाच्या पायरीला टेकवली आणि खुर्ची ओढून बसले. महिन्याभरातली ही तिसरी खेप. पहिल्या खेपेला मी सगळं वायरिंग तपासलं. दुसऱ्या खेपेला कंपनीच्या इंजिनिअरला पुण्याहून बोलावून कंट्रोलर बदलून घेतला. कंट्रोलर म्हणजे मोटरला किती करंट द्यायचा ते ठरवणारा डबा. मोटरचा मेंदूच म्हणा. मेंदू बदलला तरी दुखणं तेच. सपाटीला मोटर चालू, घाट लागला की गप.

साताऱ्यात माझं सायकलचं दुकान आहे. मूळचा मी सांगलीचा. मामाच्या दुकानात पंक्चर काढत लहानाचा मोठा झालो. ऐन उमेदीत जिल्ह्याच्या रेसमध्ये दोन-चार ढाली मिळवल्या, त्या दुकानात टांगल्यात. आजवर एकाही सायकलीनं मला हात टेकायला लावले नव्हते, आणि हे मी गिऱ्हाइकाला त्यानं न विचारताच सांगतो. म्हणून तिसऱ्या खेपेला माझं डोकं जाम तापलं होतं.

आधी ही सायकल आबांच्या गळ्यात कशी पडली ते सांगतो.

आबा वडूजकडचे. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि साताऱ्यात घर बांधून राहिले. दर रविवारी ते आणि त्यांचे चार दोस्त सायकलवर यवतेश्वरचा घाट चढतात. पावसाळा असो, उन्हाळा असो, खाडा नाही. त्यांचा एक रिवाज आहे. जो सगळ्यात आधी वर पोचेल त्यानं महादेवाच्या देवळातली घंटा वाजवायची. बाकीच्यांनी नुसता नमस्कार करायचा. शेवटच्या वळणावर असलेल्यांना घंटा ऐकू येते आणि आज कोण जिंकलं ते कळतं. वर्षानुवर्षं ती घंटा आबांचीच. मग उजवा गुडघा बिघडला. डॉक्टर म्हणाले, सपाटीला हवी तेवढी चालवा, पण चढावर गुडघ्यावर जोर आला तर सायकल कायमची बंद.

हे मला आबांनी सांगितलं नाही. काकी एकट्याच दुकानात आल्या होत्या, त्यांनी सांगितलं. काकी म्हणजे आबांच्या मंडळी, माहेर आष्ट्याचं, बोलायला एकदम रोखठोक.

"परकाशभाऊ, ह्यांच्यासाठी मोटरची सायकल बगा एकादी. सायकल बंद झाली तर हे घरात बसत्याल आन रोज सकाळी माझ्या डब्यांची परेड घेत्याल."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

"गेल्या रविवारी घाटातनं आल्यावर दोन तास गुडघ्याला शेक दिला. मला म्हनलं, चेन पडली हुती म्हणून उशीर झाला. चाळीस वर्सांत माझ्याशी खोटं बोलले नव्हते. मला भ्या वाटतं बगा."

दोन दिवसांनी दोघं मिळून आले. आता जुन्या सायकलवाल्यांची एक खोड असते. सायकल बघायची म्हणजे आधी दोन बोटांवर उचलायची. हलकी तितकी भारी, हा आमचा सगळ्यांचा धर्म. माझासुद्धा. आबांनी इलेक्ट्रिक माउंटन बाईकच्या दांड्याखाली दोन बोटं घातली. सायकल जागची हलली नाही. मग पूर्ण हात घातला.

"आरं, ही सायकल हाय का म्हैस?"

"आबा, चोवीस किलो आहे. मोटर आणि बॅटरीचं वजन. पण ते तुम्हाला वाहायचं नाही, ते मोटर वाहते."

"आन मोटर बंद पडली तर?"

"ती कशाला पडतीय?" मी म्हणालो. तेव्हा मला कुठं माहीत होतं!

मग मी त्यांना नीट समजावलं. काही सायकलींची मोटर मागच्या चाकात असते. ती मागून ढकलते. सपाटीला ठीक, पण उभ्या चढाला तापते. दुसरी असते पेडलच्या मध्ये, तिला मिड-ड्राइव्ह म्हणतात. ती चेन ओढते, त्यामुळं तुमचे गिअर तिलाही उपयोगी पडतात. घाटाला हीच हवी. दुसरी गोष्ट सेन्सर. स्वस्त सायकलीला फक्त एवढंच कळतं की पेडल फिरतंय. मग ती एकदम झटका देऊन पळते. चांगल्या सायकलीत टॉर्क सेन्सर असतो. तुम्ही किती जोर देता ते त्याला कळतं आणि तेवढ्याच मापात तो मोटरला मदत करायला लावतो. ज्याची हयात सायकलवर गेली त्याला हाच सेन्सर पाहिजे, नाहीतर आपण सायकल चालवतोय का सायकल आपल्याला, तेच कळत नाही. तिसरं, ब्रेक. चढताना मोटर आहे, पण उतरताना ही चोवीस किलो तुमच्या मागं लागते. म्हणून हायड्रॉलिक डिस्क, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक. आणि ताशी पंचवीसच्या वर गेलं की मोटर आपोआप थांबते, तसा नियमच आहे.

"सांगलीच्या सपाटीवरचा माणूस मला घाट शिकवतोय," आबा काकींना म्हणाले.

"ऐका की. त्येला कळतंय म्हणून तर आलोय."

मी आबांच्या उंचीला बसेल अशी मिड-ड्राइव्ह काढली. डिस्प्लेला चार आकडी पासवर्ड लागतो, म्हणजे मोटरची ताकद दुसऱ्या कुणाला कमी-जास्त करता येत नाही. आबांना आकडे दिसेनात आणि चष्मा लावायला ते तयार होईनात. शेवटी काकींनी स्वतःचा चष्मा लावून पासवर्ड घातला. तेवढ्यात त्यांची नजर कोपऱ्यातल्या डेमो सायकलीकडं गेली. मधला दांडा खाली असलेली, तशीच मोटरवाली.

"मी बसून बगू का?"

"तू?" आबा म्हणाले.

"आष्ट्याला मळ्यातनं शाळंत सायकलवरच जात हुते म्हनलं."

दुकानामागच्या मैदानात त्यांनी साडीचा पदर खोचून दोन चकरा मारल्या. पहिली डगमगत, दुसरी झोकात. उतरल्या तेव्हा गाल लाल झाले होते. आबा तोवर फोनवर कुणालातरी हवा किती भरायची ते सांगत होते.

झालं. सायकल गेली आणि तक्रारी सुरू झाल्या. मोटर घाटात चालत नाही. मी दुकानासमोरच्या चढावर दहा वेळा चालवून बघितली, मस्त चालते. इंजिनिअरनं लॅपटॉप लावला, एकही एरर नाही. एक गोष्ट तेव्हाच माझ्या ध्यानात यायला हवी होती. आबा प्रत्येक वेळी म्हणायचे, "बॅटरी मातुर लय टिकती गड्या. इतकं दिस झालं, चार्जिंगला लावलीच न्हाई." आणि मी मूर्खासारखा खूश व्हायचो.

तर तिसऱ्या खेपेला मी म्हणालो, "रविवारी मीच येतो स्कूटरवर तुमच्या मागं. माझ्या डोळ्यांदेखत बंद पडू दे."

आबांचा चेहरा उतरला. मला वाटलं, गुडघा दुखतोय.

रविवारी सकाळी पाचही जण साताऱ्यातल्या बोगद्याकडून निघाले. मी मागं. सुरुवातीच्या रस्त्याला आबांचा डिस्प्ले चालू दिसत होता, पण ते सायकल अशी दामटत होते की वेग पंचवीसच्या वरच. तिथं मोटर आपली आपण थांबलेली. मग घाट लागला. पहिला चढ आला आणि आबांचा डावा अंगठा हळूच हँडलवरच्या बटणाकडं गेला. डिस्प्ले विझला.

मी स्कूटरवरच कपाळाला हात लावला. म्हणजे सपाटीला नियम मोटर बंद करत होता आणि चढाला सुभेदार. मोटरनं महिनाभर नुसती भरपगारी रजा खाल्ली होती! आणि हा साठी उलटलेला माणूस चोवीस किलोचं धूड त्या दुखऱ्या गुडघ्यावर घाटातनं वर ओढत होता.

बाकीचे चौघं पुढं गेल्यावर मी स्कूटर आडवी घातली.

"आबा, अंगठा कुठं गेला होता?"

"कुठं?"

"बटणावर. मी आंधळा आहे का?"

आबा उतरले. कठड्यावर बसले. घामानं भिजले होते.

"परकाश, सपाटीला मोटर कुनीबी लावंल. घाट आपल्या पायानं चढायचा आस्तुय. मोटर लावून वर गेलो आन घंटा वाजवली, तर ती घंटा माझी का बॅटरीची?"

"मग नका वाजवू!"

"मग चढू कशाला?"

आता मात्र माझा तोल सुटला. "अहो, मग पुण्याचा माणूस बोलवायला लावलात, चांगला कंट्रोलर काढून फेकायला लावलात, ते कशासाठी? सरळ सांगायचं, नको सायकल!"

"कुनाला सांगायचं?" आबा खाली बघत म्हणाले. "हिनं हौसेनं घेऊन दिली. तू सायकलच खराब हाय म्हनला असतास, तर परत गेली असती. हिचं मन बी ऱ्हायलं असतं आन माझं बी." मग गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "फौज सुटली, पोरं आपापल्या गावाला गेली. रविवारचा ह्यो घाट तेवढा हाय. त्यो गेला तर माझ्यात ऱ्हातंय काय रं?"

मी स्कूटर कडेला लावली. त्या दिवशी आबा वर गेलेच नाहीत. मी त्यांच्याबरोबर कठड्यावर बसून राहिलो आणि वरून घंटा ऐकू आली. दुसऱ्याच कुणाची तरी.

"हिला सांगू नगंस," उतरताना ते म्हणाले.

मी मंगळवारपर्यंत दम धरला. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे बाजारपेठेत सगळ्यांना ठाऊक आहे. काकी चौकशीला आल्या आणि मी सगळं ओकून टाकलं. वाटलं, आता चिडतील. त्यांची नजर डेमो सायकलीच्या कोपऱ्याकडं गेली.

"ती खालच्या दांड्याची सायकल इकली का वो?"

"नाही."

"मग मला द्या. आन मोटर कशी लावत्यात ते पुन्यांदा दावा. सगळ्यात जास्तीची कुठली, ती दावा."

बुधवार ते शनिवार काकी रोज सकाळी त्या मैदानात. सुनेचा घरी राहिलेला पंजाबी ड्रेस, नातवाचे जुने बूट. शुक्रवारपर्यंत त्या एका हातानं ओढणी सारखी करत वळण घ्यायला लागल्या.

रविवारी बोगद्यापाशी काकींना सायकलवर बघून चौघं दोस्त खुळ्यासारखे बघत राहिले. "वहिनी, सावकाश हं," एक जण म्हणाला.

"सावकाश तुमी या," काकी म्हणाल्या.

आबांनी माझ्याकडं असं बघितलं की फौजेत असतो तर माझं कोर्ट मार्शल झालं असतं. घाट लागला. आबांचा डिस्प्ले विझला. काकींनी तीन नंबरची, म्हणजे सगळ्यात जास्त मदतीची लेव्हल लावली आणि आरामात पेडल मारत, खुर्चीत बसावं तशा वर निघाल्या. पहिल्या वळणावर आबांच्या बरोबरीला होत्या. दुसऱ्या वळणावर पन्नास पावलं पुढं. तिसऱ्या वळणावरून त्यांनी मागं वळून हँडलची घंटी वाजवली. ट्रिंग ट्रिंग! ट्रिंग!

आबांच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या. मी स्कूटर जवळ घेतली.

"परकाश," ते धापा टाकत म्हणाले, "वर माकडं लय असत्यात."

"असतात की."

"हिला एकटीला कसं सोडायचं? कायतरी झालं मंजी?"

"बरोबर आहे तुमचं."

अंगठा बटणावर गेला. डिस्प्ले पेटला. आणि काय सांगू! चाळीस वर्षं पेडल मारलेला माणूस, टॉर्क सेन्सरला असा पाय कुठं मिळतो? जेवढा जोर आबा देत होते तेवढ्याच मापात मोटर हात देत होती. दमछाक थांबली, पाठ सरळ झाली. चौघांना त्यांनी एकेक करून मागं टाकलं. माझी स्कूटर रडायला लागली. मी हेल्मेटमध्ये एकटाच ओरडत होतो, "शाब्बास आबा! शाब्बास!"

शेवटच्या वळणावर होतो तेव्हा वरून घंटा वाजली.

देवळापाशी पोचलो तर काकी घंटेखाली उभ्या. केस विस्कटलेले, चेहऱ्यावर आष्ट्याच्या शाळेतली पोरगी. आबा सायकल लावून आले.

"गुडघा दुखतूय का?" काकींनी विचारलं.

"न्हाई."

"खरं सांगा."

आबांनी गुडघा दोनदा वाकवून बघितला. "खरंच न्हाई."

"मग वाजवा की घंटा तुमी बी."

"पयल्याचीच असती ती," आबा म्हणाले. महादेवाला हात जोडले आणि गालात हसत म्हणाले, "फुडच्या रविवारी बगू."

दुसऱ्या दिवशी मी शटर वर करतोय तोवर आबा हजर. एकटेच. इकडं तिकडं बघितलं आणि खुर्ची माझ्या अगदी जवळ ओढली.

"परकाश, हिच्या सायकलीची मोटर जरा ढिली करता येती का? न्हाई, तिच्या काळजीपोटी म्हंतोय. वय झालंय तिचं."

"येते की. पासवर्ड टाकला की दोन मिनिटांचं काम."

"मग टाक."

"तो काकींनी घातलाय. त्यांनाच विचारावा लागेल." मग न राहवून मी पुढं बोललो, "आणि आबा, तुमच्या सायकलीचा पण त्यांच्याकडंच आहे."

आबांनी पिशवी उघडली. चार्जर काढला आणि पायरीला टेकवलेली सायकल तिथंच माझ्या दुकानात चार्जिंगला लावली. महिन्यात पहिल्यांदा त्यांची बॅटरी संपली होती.

तेव्हापासून मी ई-बाईक विकताना मोटर, सेन्सर, ब्रेक सगळं आधीसारखंच समजावून सांगतो. शेवटी फक्त एक प्रश्न वाढवलाय, "चढाला बटण दाबणार का?" आणि तो मी गिऱ्हाइकाला विचारत नाही, त्याच्याबरोबर आलेल्या त्याच्या बायकोला विचारतो.