नावेत बूट चालत नाहीत

अख्ख्या दुर्गाघाटावर माझ्याइतका फुटबॉल कोणाला समजत नाही. गोलकीपरने बॉलला हात लावला की मी अजूनही फाउल म्हणून बोंबलतो.

शेजारच्या पंचगंगा घाटावरचा एक नाववाला मला रोज भेटतो. तोंडात पान, म्हणून हनुवटी आभाळाकडे करून बोलतो, आणि लहान-मोठ्या सगळ्यांना गुरू म्हणतो. त्याची पोरगी गंगेपलीकडच्या रेतीवर अनवाणी खेळते, आणि काय खेळते! पण अकॅडमीची फी त्याला झेपत नाही, आणि बुटांशिवाय तिथे ट्रायललाही उभं करत नाहीत.

परवा त्याच अकॅडमीच्या पोरी घाटावरच्या पोरींशी मॅच खेळायला रेतीवर निघाल्या. नाव ह्याचीच. भारी भारी बूट घालून चढायला लागल्या, तर हा आडवा!

"नाव में मैया बैठी हैं, गुरू. जूता घाट पर उतारो."

रिवाज जुनाच आहे, पण पॅसेंजरला ह्याने कधी अडवलेलं मी पाहिलं नव्हतं. गंगामैयाचं नाव निघाल्यावर त्यांच्या कोचनेच पोरींना बूट काढायला लावले. बूट घाटावर राहिले.

पलीकडे त्या पोरी गरम रेतीवर उड्या मारतायत, आणि ह्याची पोरगी एकेकीला चकवत सुसाट! एक गोल! दुसरा गोल! मी नाचत थेट मैदानात.

कोच नाववाल्याला म्हणाला, "कल से भेजिए इसको. फीस-जूता हम देखेंगे."

परतताना मी छाती फुगवली. "आखिर सिखाया किसने?"

पोरगी म्हणाली, "चचा, तीसरा गोल आपकी पीठ पर लगा था."