पुढे सरकवलेली भाकर

पोलीस नोकरीतल्या बहुतेक गुन्ह्यांचे कागद मी विसरलो. हा एक विसरलो नाही, कारण यात पहिली चूक माझी होती.

चौसाळ्याच्या पट्ट्यात दुष्काळ होता. एका सहकारी दूध संस्थेने माळावर चारा छावणी उघडली होती. बुधवारी भर दुपारी तिथली कडब्याची गंजी पेटली. बांधलेली एक गाय भाजून मेली आणि शेकडो जनावरांचा चारा तासाभरात राख झाला. मी पंचनामा करत होतो तेव्हाच लोक भोवती जमून विचारत होते, "सायेब, धरला का कुनाला?"

शुक्रवारी खबर मिळाली. संस्थेचा सचिव ठाण्यात येऊन सांगून गेला, की छावणीच्या वॉचमनचं आगीच्या आदल्या दिवशी खुद्द सचिवाशीच भांडण झालं होतं आणि 'एक दिवस समद्याची राख करीन' असं तो चारचौघांत बोलला होता. वॉचमन साठीचा, विड्या ओढणारा. मला एवढं पुरेसं वाटलं. अटक केली. शनिवारी न्यायालयाने तीन दिवसांची पोलीस कोठडी दिली.

चौकशीत म्हातारा एकच सांगायचा. "राख करीन म्हनलो ते खरं हाय. पन माझी बैलजोडी तिथंच बांधलेली हाय. सोताच्या बैलाचा घास कोन पेटवील?"

हवालदार म्हणाला, "रागात मानूस घर बी पेटवतो, मामा."

"तुमी पेटवलं का कवा?"

 मी हसलो, पण ऐकलं नाही. आरोपी हाती लागला की अधिकाऱ्याचे कान बंद होतात. हा आमच्या खात्याचा जुना रोग आहे आणि तो मलाही होता.

साक्षीदारांचे जबाब राहिले होते. छावणीतले बरेच मजूर जवळच्या वस्तीतले ख्रिस्ती होते. माणसं एके ठिकाणी सापडतात तिथे जावं, या हिशेबाने रविवारी सकाळी मी त्यांच्या पत्र्याच्या प्रार्थनामंदिरात गेलो. बूट बाहेर काढून मागे सतरंजीवर बसलो. महिन्याचा पहिला रविवार, म्हणजे प्रभुभोजनाचा; त्या दिवशी येशूच्या आठवणीत सगळे भाकर आणि द्राक्षरस घेतात. भाकरीच्या तुकड्यांचं ताट हातोहात फिरत होतं. छावणीत कडबा कापायचं यंत्र चालवणारा पस्तिशीचा एक माणूस पुढच्या रांगेत होता. ताट त्याच्याकडे आलं. त्याने काही न घेता ते पुढे सरकवलं. द्राक्षरसाचा पेलाही तसाच पुढे गेला. शेजारच्या बाईने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली.

उपासना संपल्यावर मी पाळकांना, म्हणजे तिथल्या धर्मगुरूंना, बाजूला घेतलं. "त्याने भाकर का घेतली नाही?"

"म्या इचारलं न्हाई. इचारलं असतं तरी तुमाला सांगितलं नसतं."

"मग तुमची पद्धत तरी सांगा."

"पद्धत उघडी हाय, सायेब. भावाचा अपराध केला असंल तर आधी त्याच्यापाशी जायाचं, समेट करायचा, मग भाकर. प्रभू क्षमा करतो, लई करतो. पन त्याच्याम्होरं लपून उभं राहता येत न्हाई."

ठाण्यात येऊन मी पंचनामा काढला. माझ्याच अक्षरात एक ओळ होती: 'गंजीच्या मागील बाजूस तीन काळे दगड, मध्ये माती.' ती चूल होती. बुधवारी लिहिलं होतं, वाचलं मात्र रविवारी.

भाकर न घेतलेल्या त्या माणसाला बोलावून घेतलं. दमदाटी केली नाही. कोठडीसमोरच्या बाकावर बसवलं आणि मी कागद चाळत राहिलो. म्हातारा गजाशी आला.

"माझ्या बैलांला पानी कोन दावतंय रं?"

"मीच, मामा. शुक्करवारपासून. दोन्ही टायमाला."

"तू? कावून?"

तो उठला आणि गज धरून उभा राहिला. "मामा, ती आग माझ्या चुलीची. गंजीच्या आडोशाला च्या केलता. इस्तवावर पानी टाकाया जीव झाला न्हाई, टँकरचं पानी जनावरांचं. म्हून माती लोटली. वारं सुटलं अन् झालं. तुमाला धरलं तवा म्या बोलाया पायजे व्हतं. रोज गुडघ्यावर पडून देवाला माफी मागतोय. उठलो की तुमचंच तोंड दिसतंय."

 म्हातारा म्हणाला, "देवाला सांगितलंस. त्यो काय कोठडीत व्हता का?"

पोलिसापुढची कबुली न्यायालयात चालत नाही. म्हणून ते दगड ताब्यात घेतले आणि त्या चुलीचा चहा प्यायलेल्या दोघांचे जबाब नोंदवले. सोमवारी कलम १६९चा, म्हणजे पुरावा नसल्याचा, अहवाल देऊन वॉचमनला मोकळं केलं. यंत्र चालवणाऱ्यावर आगीबाबत हयगय केल्याचा गुन्हा लावला. गुन्हा जामीनपात्र होता, म्हणून तो लगेच जामिनावर सुटला. पुढे त्याने न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि शिक्षा भोगली.

वॉचमन निघाला तेव्हा सगळ्या ठाण्यासमोर मी उभा राहिलो आणि म्हणालो, "माझं चुकलं." हवालदार छताकडे बघू लागला.

"तुमचं बी चुकलं, त्याचं बी चुकलं," म्हातारा म्हणाला. "आता जाऊ द्या, बैलं वाट बगत असतील."

फाटकाबाहेर तो माणूस उभा होता. म्हाताऱ्याने त्याला माफ केलं असं काही म्हटलं नाही. म्हणाला, "चल. पानी आजबी तूच दाव. तुझ्यापायी फरशीवर निजून माझं कंबरडं मोडलंय. अन् च्या केलास तर इस्तू नीट इझीव."

दोघे सोबत गेले.

मी ख्रिस्ती नाही. पण पश्चात्ताप म्हणजे काय, हे मला त्या बाकावर कळलं. डोळ्यांतलं पाणी म्हणजे पश्चात्ताप नव्हे. आपल्या अपराधापायी दुसरा कोठडीत असेल, तर गुडघ्यावरून उठून आधी त्या कोठडीकडे चालत जावं लागतं. बाकापर्यंत त्याला मी आणलं, पण गजापर्यंत त्याच्या प्रार्थनेने आणलं, म्हणूनच मी तिला खरी मानतो. आणि हे फक्त आरोपींना लागू नाही. वर्दीतल्या माणसालाही 'चुकलं' म्हणता आलं पाहिजे, आणि तेही ज्याचं नुकसान केलं त्याच्या तोंडावर.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी मी पुन्हा त्या सतरंजीवर जाऊन बसलो. ताट त्याच्याकडे आलं. त्याने ते थोडा वेळ हातात धरलं आणि मग भाकर घेतली.