माझ्या रक्तातलं ऊन

"सात!"

डॉक्टरमॅडमनं माझा रिपोर्ट हवेत धरला.

"विटामिन डी सात! तीस होना चाहिए! गाँव की लड़की हो ना तुम? खेत में काम किया है ना? फिर ये क्या है? बिल में रहती हो क्या?"

मी पडद्यामागं सलवारची नाडी बांधून राहिली होती. आताच तपासून झालं होतं. खोलीत दोन शिकाऊ डॉक्टर पोरी होत्या, नर्स होती, माझी सासू होती, माझा नवरा होता. दार उघडं होतं. बाहेर खुर्च्यांवर नंबर लावून बसलेल्या बाया. शिकाऊ पोरी हसल्या. माझ्या हातातून नाडी सुटली.

"हमने तो बढ़िया एम्ब्रियो डाला था," मॅडम म्हणाली. "तुमने नहीं संभाला."

पंधरा दिवसांपूर्वी माझ्या पोटात ठेवलेला गर्भ टिकला नव्हता. आयव्हीएफची पहिली खेप वाया गेली होती. मी अजून रडून पुरती झाली नव्हती. अन् ही बाई मले विचारत होती, की तू बिळात राहते का.

सासू पुढं सरकली. "आलसी है मैडम. दिनभर घर में पड़ी रहती है."

मी पडद्याच्या बाहेर आली. मले घरात कोणी डांबलं, हे सासूले पक्कं माहीत होतं.

माझं माहेर साकोलीकडचं. तिथं मी धानाच्या रोवण्याच्या दिवसांत दिवसभर चिखलात वाकून असायची. पाठ भाजून निघायची. ऊन मले कधी कमी पडलं नाही. लग्न होऊन भिलाईत आली अन् ऊन संपलं. नवरा स्टील प्लांटमध्ये. तीन मजली ब्लॉकमध्ये खालचं क्वार्टर. स्वयंपाकघरात भर दुपारी ट्यूबलाईट लावावी लागे. बाहेर निघाली की सासू म्हणे, "तोंड झाक. काळी तर आहेसच."

ब्लॉकमधल्या बाया थंडीत गच्चीवर बसत. लेकरांले तेल लावत, मटार सोलत, हसत. पहिल्या थंडीत मीही बसली. दुसऱ्या वर्षी माझ्या जावेले पोरगी झाली. माझी कूस रिकामीच होती. मी वाळलेले कपडे आणाले वर गेली, तर जावेनं पोरीवर शाल टाकली अन् माझ्याकडं पाठ केली. सासू जिन्यापर्यंत माझ्या मागं आली.

"आता वर येत नको जाऊ. लेकराले तेल लावतो आम्ही. तुझी नजर लागन."

मी म्हटलं, "बरं."

हे 'बरं' मले आजही टोचते. मी चार थंड्या खाली काढल्या. ओले कपडे पंख्याखाली वाळवले. डोक्यावर लेकरांचं खिदळणं ऐकू येई अन् मी भाजी चिरत राही. लेकरू नाही म्हणून मले उन्हातून हाकललं. मग ऊन नाही म्हणून लेकरू नाही, असं माझ्याच माथी मारलं. दोन्ही वेळा दोष माझाच.

मॅडमनं दर आठवड्याले एक पुडी लिहून दिली, दुधात घालून प्यायची. अन् दुपारी उन्हात बसा म्हणाली. मले वाटलं, आता तरी गच्ची मिळन. पण जावेले तेव्हा दुसरी पोरगी झाली होती. सासूनं क्वार्टरच्या मागं, गटाराच्या झाकणाजवळ एक प्लास्टिकचा स्टूल ठेवला. तिथं दोन भिंतींच्या मधात घडीभर ऊन येई.

"इथं बस. बाह्या वर कर."

मी बसली. बाह्या कोपरापर्यंत वर करून, वास घेत. वरून बाया वाकून पाहत. एक दिवस तिसऱ्या मजल्यावरची बाई ओरडली, "अरे, बहू को सुखाने रखा है क्या?"

गच्चीभर हसू उठलं. त्यात सासूचं हसू मले वेगळं ओळखू आलं.

रविवारी सगळे जेवाले बसले की सासू पुडीचा ग्लास माझ्यासमोर आदळे. "पी. तुझ्यापायी सगळं घर खपून राहिलं." नवरा ताटात पाहून जेवत राही. त्यानं एकदाही मान वर केली नाही. मले वाटे, बिचारा दुःखात आहे.

पुन्हा इंजेक्शनं झाली. पोट निळं-हिरवं पडलं. रक्त तपासलं तर विटामिन डी चांगलं भरलं होतं. दुसऱ्यांदा गर्भ ठेवला. मी शिंकालेही भ्यायची. बाराव्या दिवशी सकाळी पोटात कळ आली. मी बाथरूममध्ये गेली. बाहेर निघाली तर सासू दारात उभी.

"दाखव."

"काय?"

"कपडा दाखव. खोटं बोलशील तू."

मी दाखवला. जाऊ उभी होती, दीर पेपर वाचत होता, अन् मी तो कपडा सासूपुढं उघडा केला. माणूस मेल्यावरही त्याले झाकतात. मले जितेपणी कोणी झाकलं नाही.

तिसऱ्या खेपेसाठी मी, नवरा अन् सासू पुन्हा त्या सेंटरात गेलो. नर्सनं फॉर्म समोर ठेवला, पेन दिलं. जिथं जिथं माझी सही पाहिजे, तिथं तिथं पेन्सिलनं फुली मारलेली होती. तेव्हा पहिल्यांदा माझ्या ध्यानात आलं, की माझ्या सहीशिवाय यांचं काहीच हलत नाही.

मॅडम तेच बोलून राहिली होती. "विटामिन डी पहले से संभालती, तो आज गोद में बच्चा होता."

मी पेन खाली ठेवलं.

"मैडम, ये लिख के दीजिए."

"क्या?"

"हेच, जे बोलले आप. कि विटामिन डी के कारण मेरा बच्चा नहीं टिका. कागज पे लिखिए, नीचे साइन कीजिए. फिर मैं भी साइन करूँगी."

नवऱ्यानं माझं मनगट दाबलं. "काय करून राहिली तू?"

मी हात सोडवला. मॅडमनं चष्मा काढला. "देखो, मेडिसिन में ऐसे लिखके नहीं देते."

"तो बोलते कायको?"

मॅडमचा आवाज खाली आला. पहिल्यांदा ती माझ्याशी माणसासारखी बोलली, तेही अडकली म्हणून. ती म्हणाली, विटामिन डी कमी असलेल्या बायांमध्ये कुठं कुठं गर्भ कमी टिकलेले दिसतात, कुठं काहीच फरक दिसत नाही. ते भरून काढलं तर लेकरू होईलच, असं कोणी सांगू शकत नाही. शरीराले ते लागते, म्हणून देतो. बस, इतकंच.

अन् मग वैतागून म्हणाली, "और असली कारण तो फ़ाइल के पहले पन्ने पर है. आपके पति को तभी समझा दिया था."

मी नवऱ्याकडं पाहिलं. तो बुटांकडं पाहून राहिला होता.

मी फाइल ओढली. बारावी शिकली आहे मी. इंग्रजी अडखळत वाचता येते. पहिल्या पानावर माझं नाव नव्हतं. नवऱ्याचं होतं. त्याच्या तपासणीचा रिपोर्ट. शुक्राणू फारच कमी, जे आहेत तेही सदोष. खाली मॅडमच्या अक्षरात लिहिलं होतं, या कारणासाठी आयव्हीएफ करावं. तारीख माझ्या पहिल्या इंजेक्शनच्या आधीची.

"तुमाले माहीत होतं?" मी सासूले विचारलं.

ती म्हणाली, "पुरुषाचं असं चारचौघांत काढत नाही."

माझं सगळं चारचौघांत निघालं होतं. माझं रक्त, माझा कपडा, माझे उघडे हात. अन् हे एक पान नवऱ्यानं अन् सासूनं मिळून झाकून ठेवलं होतं. मॅडमनंही. सुया मले टोचल्या, पण कारण मले सांगावं असं तिलेही वाटलं नाही.

मी सही केली नाही. त्या पानाचा मोबाईलवर फोटो काढला. नर्स म्हणाली, "अलाऊड नहीं है." मी म्हटलं, "मेरे पेट में सुई अलाऊड थी ना?"

गाडीत नवरा एकच वाक्य बोलला. "तू माझी इज्जत घालवली." माझ्या निळ्या पोटाबद्दल त्याच्याजवळ एक शब्द नव्हता.

त्याच आठवड्यात मी घर सोडलं. आता भिलाईलगतच्या कुरुदमध्ये एका खोलीत राहते. शाळेचे ड्रेस शिवते. पुडी संपली तशी सरकारी दवाखान्यात जाऊन मी स्वतः विचारून आणली. हाडं माझी आहेत. लेकरू होवो न होवो, हाडं मले लागतात.

परवा जावेचा फोन आला. घाबरून, हळू आवाजात बोलून राहिली होती. "शनिवारी तुमसरले पोरगी पाहाले चालले. तिकडं सांगितलं, पहिलीच्या अंगात विटामिन नव्हतं, म्हणून फारकती घेऊन राहिलो. पोरीले बाप नाही. कोणी चौकशी करणारं नाही."

"मले कायले सांगून राहिली?"

जाऊ म्हणाली, "माझ्या दोन पोरी आहेत."

मी तिच्याकडून पत्ता घेतला. फोटोची प्रिंट काढली. फारकतीच्या कागदावर माझी सही अजून झाली नाही. म्हणजे त्या दारात मी बायको म्हणूनच उभी राहीन. ते लोक पोह्याची प्लेट हातात घ्यायच्या आधी ते पान त्या पोरीच्या हातात असन. तिले इंग्रजी येत नसन तर मी वाचून दाखवीन. एक एक शब्द, मोठ्यानं, चारचौघांत. मग लग्न करायचं की नाही, ते ती ठरवन. पण न सांगता कोणी तिच्या पोटात सुई टोचणार नाही.

शनिवारी सकाळच्या गाडीनं मी तुमसरले चालली.