उन्हातली दिवटी

"पणजेंत तूं आमदार. हांगा तूं बाबलोचो पूत. धर दिवटी."

आमचा भाटकार, म्हणजे जमीनमालक, एवढंच म्हणाला आणि पेटती दिवटी माझ्या हातात दिली. दुपारचे चार वाजले होते. देवळासमोर लख्ख ऊन. पालखी निघायची होती. माझ्या गळ्यात पंचायतीने घातलेला झेंडूचा हार, अंगात नवा पांढरा सदरा. निवडून येऊन महिनाही झाला नव्हता. जत्रेच्या पत्रिकेवर माझं नाव 'सन्माननीय आमदार' म्हणून छापलं होतं. मला वाटलं होतं, मानाचा नारळ देतील.

मी दिवटी धरली. तेल मनगटावरून बाहीत उतरलं. गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "आमदारान गांवांत वीज हाडली रे!"

सगळे हसले. मीही हसलो. दुसऱ्यांचं हसणं मी विसरलो. माझं नाही विसरलो.

पालखीपुढे दिवटी धरायची ही आमच्या घराची सेवा. आजोबांनी धरली, बापाने धरली. उजेड असो, काळोख असो, दिवटी पेटलेलीच हवी. त्या बदल्यात भाटकाराच्या जमिनीत आमचं मातीचं घर. आम्ही त्याचे मुंडकार. पेडण्यात अर्धा गाव असाच, दुसऱ्याच्या जमिनीत घर बांधून राहणारा.

आणि खरं सांगायचं तर मी भाटकाराचा ऋणी होतो. त्याच्या घरातली जुनी पुस्तकं वाचून मी शिकलो. त्याने चिठ्ठी दिली म्हणून कॉलेजात जागा मिळाली. गावातला पहिला पदवीधर. पक्षाचं तिकीटही त्याच्याच शब्दावर. अशा माणसाला नाही कसं म्हणायचं?

म्हणून चार जत्रा मी दिवटी धरली. गोवा तेव्हा नुकतंच घटक राज्य झालेलं. मराठी की कोंकणी, यावर आम्ही सभागृहात घसा फोडून भांडायचो. मी मराठीच्या बाजूने बोलायचो, लोक बाकं वाजवायचे. गावात भाटकार "रे" म्हणाला की मला दोन्ही भाषा सुचत नसत.

बाहेर मात्र मी लोकांना सांगत फिरायचो. कायदा आहे. मामलेदाराकडे अर्ज करा, मुंडकार म्हणून नाव लावून घ्या, मग घरातून कोणी काढणार नाही. अर्ज मी स्वतः लिहून द्यायचो. माझा स्वतःचा मात्र लिहिला नव्हता.

पाचव्या जत्रेआधी शेवंती आली. माडाखालच्या घरात एकटी राहणारी बाई. मी लिहिलेला अर्ज तिने टेबलावर ठेवला.

"हो अर्ज परत घेयात, बाबा."

"कित्याक? भाटकारान धमकी दिली?"

"ना. तो कांयच बोलूंक ना. तुमी आमदार आसून दिवटी धरतात. हांव एकटी बायल. हांव भाटकाराक कशी न्हय म्हणूं?"

ती गेली. मी तो अर्ज बघत बसलो. माझंच अक्षर. मला तोवर वाटत होतं, दिवटी धरतो तो माझ्या एकट्याचा अपमान. गिळला तर मीच गिळतो.

जत्रेला गेलो. भाटकाराने दिवटी पुढे केली. मी हात मागे घेतले.

"बाब, ही आतां हांव धरचों ना."

वाजंत्री थांबली. भाटकार चिडला नाही. हळू आवाजात म्हणाला, "सेवा सुटली, घर सुटलें."

पुढच्या निवडणुकीत तिकीट त्याच्या पुतण्याला मिळालं. मी अपक्ष उभा राहिलो आणि पडलो. ज्यांचे अर्ज मी लिहिले, त्यांच्या वस्तीतही मला मतं नव्हती. मी त्यांना दोष देत नाही. चार वर्षं मीच त्यांना वाकायला शिकवलं.

मग नोटीस आली. हे घर मुंडकाराचं नाही, देवाच्या सेवेकऱ्याला राहायला दिलेली खोप आहे, सेवा बंद झाली, जागा खाली करा. माझी आई नोटीस वाचू शकत नाही. मी वाचून दाखवली. ती भिंतीला टेकून बसली.

"घडयेभर धरली आसती जाल्यार तुजो हात मोडपाचो आसलो?"

तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. जेवण वाढते आणि आत जाते.

मामलेदारापुढे तारीख लागली आहे. हे घर आमचंच, असं सांगायला एक साक्षीदार हवा. मी वीस घरं फिरलो. कोणाला ताप आहे, कोणी धारगळ गावाला गेलाय. शेवंतीने दारच उघडलं नाही.

साक्षीदार मिळणार नाही. बहुतेक घर जाईल. तरी मी अर्ज केला आहे. त्यात 'सेवेकरी' नाही, 'मुंडकार' लिहिलं आहे, खाली सही केली आहे. कौलं उतरवायला माणसं येतील तेव्हा मी घरात असेन. मला उचलून बाहेर काढावं लागेल, भर दिवसा, सगळ्या गावासमोर. मी माझ्या पायांनी निघणार नाही.