घरच्यांसारखी माणसं

मिसुरीतल्या त्या गावाला आम्ही गेलो ते केवळ माझ्या एका मित्राच्या हट्टामुळे. आमची ओळख पुण्यातल्या कॉलेजपासूनची. बाकीचे आम्ही सगळे प्लेनो, अर्विंग, सनीव्हेल असे आपल्या माणसांच्या घोळक्यात राहिलो. हा एकटा शेतीची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी धरून मिसिसिपीच्या काठी जाऊन बसला आणि थोड्याच वर्षांत त्या गावाचा स्वयंघोषित पाटील झाला. फोनवर नेहमी ऐकवायचा, "तुम्ही लोक अमेरिकेत राहतच नाही यार. तुम्ही पार्किंग लॉटमध्ये राहता. एकदा इकडे या."

तेव्हा माझी मावशी नागपूरहून आमच्याकडे प्लेनोला आली होती. महापालिकेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून रिटायर झालेली बाई. खिडकीतून दिवसभरात एकही माणूस पायी जाताना दिसत नाही, याला ती कंटाळली होती. म्हणून एका लाँग वीकेंडला तिला घेऊन मी निघालो.

गाव म्हणजे एक रस्ता होता. दोन्ही बाजूंना लाल विटांच्या जुन्या इमारती, त्यातल्या निम्म्या रिकाम्या. उरलेल्यांत जुन्या वस्तूंची दुकानं. आपल्याकडे भंगारवाला वजनावर नेईल अशा गंजक्या बादल्या आणि फुटके कंदील तिथे काचेमागे दिवे लावून मांडले होते. नदी मात्र कुठेच दिसेना. पुरापासून बचाव म्हणून काठानं उंच काँक्रीटची भिंत घातली होती, आणि त्या भिंतीवर मिसिसिपीचं मोठं चित्र रंगवलं होतं. नदीकाठच्या गावात येऊन आम्ही नदीच्या चित्रासमोर फोटो काढले. मित्रानं ते तीन कोनांतून काढले आणि आकाशाचा रंग किती हुबेहूब आहे, हेही सांगितलं.

सकाळी त्यानं आम्हाला गावाबाहेरच्या मातीच्या टेकाडांकडे नेलं. इथल्या मूळ लोकांनी आपली माणसं तिथे पुरली होती. आता त्यावर गवत कापून गुळगुळीत केलं होतं, पायथ्याशी पिकनिकची टेबलं होती आणि एक कुटुंब प्लास्टिकची चकती टेकाडावरून पलीकडे फेकत होतं. पाटीवर लिहिलं होतं की हे लोक पुढे इथून निघून गेले. मावशीनं पाटी चष्मा लावून पूर्ण वाचली आणि मित्राला विचारलं, आपणहून गेले का? तो म्हणाला, हिस्टरी कॉम्प्लिकेटेड आहे, मावशी. मग आम्हाला घाईनं गाडीत बसवलं, कारण अकराची टूर चुकली असती.

ही टूर म्हणजे त्याच्या गावाचा कळस. टेकडीवरचं एका तंबाखूच्या व्यापाऱ्याचं पांढरं घर, यादवी युद्धाच्या आधीचं. त्या काळचा झालरीचा झगा आणि टोपी घातलेली एक वयस्कर बाई आम्हाला घर दाखवायला आली. ती मित्राच्या ओळखीची निघाली. त्यानं तिची अशी विचारपूस केली की आम्ही तिच्याच घरी जेवायला आलोत असं वाटावं. बाईंनी निम्मा वेळ भिंतीला लावलेल्या शोभेच्या कागदावर घालवला. तो फ्रान्सहून बोटीनं आला होता. मग पियानो, मग चांदीचे चमचे. मित्र प्रत्येक वस्तूपुढे मान डोलवत होता. त्याची बायको मागे उभी होती. हे सगळं तिनं आलेल्या प्रत्येक पाहुण्याबरोबर ऐकलेलं असावं.

दिवाणखान्यात कुटुंबाचं मोठं तैलचित्र होतं. व्यापारी, त्याची बायको, मुलं आणि पायाशी एक तपकिरी कुत्रा. बाईंनी सगळ्यांची नावं सांगितली, कुत्र्याचंसुद्धा. तो किती इमानी होता, त्याचा किस्साही सांगितला.

मावशीनं इंग्रजीत विचारलं, एवढ्या मोठ्या घरात स्वयंपाक कोण करायचं?

बाई म्हणाल्या, मदतनीस होते. मग आवाज जरा मऊ करून त्यांनी सांगितलं, की इथले मालक फार दयाळू होते आणि ते मदतनीस अगदी घरच्यांसारखेच होते.

"विकत घेतलेले?" मावशीनं विचारलं.

हो, त्या काळी तसंच होतं, असं बाई म्हणाल्या आणि पुढच्या खोलीकडे वळल्या. मावशी चित्रापुढून हलली नाही.

"घरच्यांसारखे होते, तर या चित्रात ते का नाहीत?" ती शाळेत विचारावं तसं शांतपणे म्हणाली. "कुत्रा आहे."

बाईंचा चेहरा उतरला. मित्र घाईनं मध्ये आला आणि मराठीत पुटपुटला, "मावशी, प्लीज. इथे असं कोणी विचारत नाही."

"म्हणूनच हिला उत्तर पाठ नाही," मावशी म्हणाली.

मग तिनं विचारलं की ती माणसं झोपायची कुठे. वर माळ्यावर, पण जिना अवघड आहे आणि माळा टूरमध्ये नाही, असं बाईंनी सांगितलं आणि आम्हाला थेट भेटवस्तूंच्या दुकानात नेऊन सोडलं. तिथे ते तैलचित्र छापलेले कॉफीचे मग आणि फ्रीजला लावायचे मॅग्नेट होते. मित्रानं एक कॉफीचा मग विकत घेतला. शिवाय निघताना बाईंची दोनदा माफी मागितली. माझ्या मावशीच्या वतीनं, मावशीला न विचारता. त्या क्षणी त्याच्या चेहऱ्यावरचं ते ओशाळं हसू मला आजही आठवतं, आणि आजही तितकीच किळस येते.

गाडीत तो म्हणाला, तुम्ही उद्या जाल, आम्हाला इथे राहायचंय. त्या बाई आमच्या शेजारीण आहेत, ख्रिसमसला केक देतात.

मावशी बाहेरची मक्याची शेतं बघत होती. मग तिनं सांगितलं की तिची आई मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, गोठ्यातलं शेण काढायला जायची. मागच्या दारानं आत आणि मागच्याच दारानं बाहेर. पाणी मिळायचं ते वरून ओंजळीत ओतलेलं. "तेही म्हणायचे, ही आमच्या घरच्यासारखीच आहे."

"ते वेगळं, मावशी," मित्र म्हणाला.

"काय वेगळं?"

त्यानं एसी वाढवला.

दुसऱ्या दिवशी आम्ही परत निघालो. मित्रानं ग्रुपवर फोटो टाकले, खाली "ऑसम हेरिटेज ट्रिप" असं लिहून. काही सांगून उपयोग होईल असा तो माणूसच नव्हता.

महिन्याभरानं त्याच्या बायकोचा फोन आला. ती एकटीच त्या घरी गेली होती आणि माळा बघायचाय म्हणून अडून बसली होती. बाईंनी शेवटी दारामागच्या खिळ्यावरची किल्ली काढून दिली. वर ताठ उभंही राहता येत नव्हतं, खिडकी एकच आणि तीही अंगणाकडची नाही, धुराड्याच्या बाजूची. भर उन्हात ती तिथे पाच मिनिटंसुद्धा थांबू शकली नाही. खाली आली तेव्हा बाईंनी विचारलं, वर काय आहे? इतकी वर्षं घर दाखवत होत्या, जिना मात्र कधी चढल्या नव्हत्या.

"मग चढल्या का?" मी विचारलं.

"नाही ना. गुडघे दुखतात म्हणाल्या."

आता मित्राच्या घरी पाहुणे आले की त्या पांढऱ्या घराचा खालचा भाग तो दाखवतो आणि माळ्यावर ती घेऊन जाते. बाईंनी तिला तेवढी परवानगी दिली आहे. पण वर जायला फारसं कोणी तयार होत नाही, असं ती म्हणाली. पुण्यामुंबईची शिकलेली, जगभर फिरलेली मंडळी जिन्याशी उभी राहून वर बघतात, फार उकडत असेल ना, म्हणतात, आणि तैलचित्राचा कॉफीचा मग विकत घ्यायला खाली जातात.